तुतीच्या बाटलीमागची ओळ

“शब्दच आपला आहे, तर खाली त्यांचं नाव कशाला?”

प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडून हे वाक्य आलं तेव्हा मी लेबलाचं प्रूफ हातात घेऊन दाराशी उभी होते. आत जायचं की परत फिरायचं हे मला चटकन ठरवता येत नाही. कुठल्याच दाराशी येत नाही. त्यामुळे मी ऐकत राहिले.

बोलणारे आमच्या मालकांचे मेव्हणे होते. शेडमध्ये त्यांना सगळे ‘पाहुणे’ म्हणतात, कारण दोन वर्षांपूर्वी ते आठ दिवसांसाठी म्हणून आले आणि मग पॅकिंग, छपाई, गाड्या हे सगळं त्यांच्याकडेच गेलं. मालकांना आम्ही ‘दादा’ म्हणतो.

“अरे, पण मी सांगून बसलोय ना त्यांना,” दादा म्हणाले. “मागच्या हंगामात. त्यांच्याच ओट्यावर चहा पिताना.”

“सांगितलं असेल. तेव्हा ही ओळ नव्हती, दाजी. आता आपण छापतोय की तुती हा मूळ संस्कृत शब्द, हजारो वर्षांची आपली परंपरा. आणि त्याच्या खाली लगेच ते नाव. गिऱ्हाईक वाचतं हो. कशाला त्याला विचारात पाडायचं?”

दादांची खुर्ची करकरली तेवढी.

“आणि जागा तरी कुठंय? मागच्या बाजूला घटक, वजन, परवाना नंबर, तारीख, सगळं टाकावंच लागतं. उरते ही एवढी पट्टी. एक तर ओळ बसेल, नाहीतर नाव.”

“ओळ चांगलीये,” दादा म्हणाले. मग खालच्या आवाजात, “राहू दे ओळ.”

ती ओळ मी लिहिली होती.

मी पाऊल न वाजवता मागे आले आणि माझ्या टेबलाशी बसले. माझ्या हातातलं प्रूफ आदल्या दिवशीचं होतं, म्हणजे त्यात अजून दोन्ही होतं, ओळही आणि नावही, एकमेकांत कोंबून बसवलेलं. दहा मिनिटांनी पाहुण्यांनी नवीन प्रूफ आणून टेबलावर ठेवलं. “ताई, शुद्धलेखन बघून घ्या. पाच वाजता मी नाशिकला निघतोय, प्रेसवाल्याला आजच द्यायचंय.” त्यात खालची पट्टी मोकळी आणि ऐसपैस झाली होती. माझी ओळ मोठ्या टाइपात, मधोमध.

आमची शेड दिंडोरीच्या थोडी अलीकडे आहे, चारी बाजूंनी द्राक्षबागा. आम्ही मात्र तुतीचं सरबत करतो. मार्चमध्ये बाहेरच्या रस्त्यानं द्राक्षांच्या क्रेटनी भरलेले ट्रॅक्टर जात असतात आणि आत आमच्या बायकांचे हात मनगटापर्यंत जांभळे झालेले असतात.

ती तुती चाचांच्या शेतातून येते. चाचा साठीच्या पुढचे, उंच, बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे नीट बघणारे. त्यांच्या घरात पूर्वी माग होते. वडिलांनी माग विकून जमीन घेतली आणि पहिल्याच वर्षी कुणा नातेवाइकाच्या अंगणातल्या तुतीच्या फांद्या छाटून आणून बांधावर खोचल्या. लोक हसले म्हणे, विणकराला बांधावर काय लावायचं तेही कळत नाही म्हणून. ती झाडं आज त्या शेतावर सगळ्यांत उंच आहेत. पुढे चाचांनी त्याच झाडांच्या फांद्यांवरून अर्धा एकर वाढवला.

तुती तोडत नाहीत, झाडतात. पहाटे खाली जुन्या चादरी पसरायच्या आणि फांदी हलवायची. जी पिकलेली तीच पडते. ट्रेमध्ये चार बोटांहून जाड थर घालायचा नाही, नाहीतर खालच्या फळांचा वाटेतच रस होतो. ऊन चढायच्या आत माल पोचला पाहिजे, म्हणून चाचांची गाडी रोज दहाच्या आसपास येते. हंगामातली पहिली पाटी ते वजनाला लावू देत नाहीत. ती फाटकापासून बॉयलरपर्यंत जो भेटेल त्याच्या ओंजळीत जाते. वडिलांचा नियम. आणि रोजच्या मालात, सगळ्यांत वरच्या ट्रेमध्ये, फडक्यात बांधलेली मूठभर कच्ची, हिरवी तुती असते. पिकलेल्या तुतीचा डाग साबणानं जात नाही. कच्ची चुरडून चोळली तर जातो. निवडणाऱ्या बायका संध्याकाळी घरी जाताना हात त्यानं धुतात.

गेल्या हंगामाच्या शेवटी दादा चाचांना म्हणाले होते, पुढच्या वर्षी बाटलीच्या मागे तुमच्या वडिलांचं नाव टाकू. ‘यांनी लावलेल्या झाडांची तुती’, असं. चाचांनी स्वतः काही मागितलं नव्हतं. पण मी नोकरीला लागल्यापासून ते जेव्हा जेव्हा आले तेव्हा माझ्या टेबलाजवळ थांबून विचारायचे, “बेटा, लेबल कुठपर्यंत आलं?”

मी लेबलाचं आणि पत्रव्यवहाराचं काम बघते. नाशिकच्या इंदिरानगरहून रोज येते, निमाणी स्टँडवरून एसटी. इंटरव्ह्यूच्या वेळी दादांनी माझे मार्क बघून एकच प्रश्न विचारला होता, “इंग्लिश मीडियम ना? मग मराठी जमेल का नीट?” मी “हो” म्हणाले होते. घरी आईनं विचारलं काय विचारलं, तर मी तिलाही सांगितलं नाही. मराठी आम्ही घरात बोलतो, भांडतोसुद्धा मराठीत, पण कागदावर ती आली की मला एकेक अक्षर थांबून वाचावं लागतं. लिहिताना मी इंग्रजी अक्षरांत टाइप करते आणि फोन त्याचं मराठी करतो. मग मी ते तीनदा वाचते, ओठ न हलवता. शेडमध्ये हे फक्त चाचांना कळलं होतं. पहिल्याच आठवड्यात मागच्या हंगामाच्या हिशोबाची त्यांची पावती वाचताना मी ‘स्वीकृत’वर अडकले तेव्हा त्यांनी आपलं बोट शब्दाखाली धरलं आणि म्हणाले, “मी पण असाच वाचतो. उर्दू धावत, मराठी चालत.” त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

जानेवारीत दादा म्हणाले, “ताई, तुतीला तुती का म्हणतात, ते एका ओळीत लिहा. लोकांना असलं आवडतं.”

मला माहीत नव्हतं. ‘माहीत नाही, बघून सांगते’ हे चार शब्दांचं वाक्य आहे. पण नोकरीला दोनच महिने झाले होते, पाहुणे समोर उभे होते, आणि मला वाटलं की हे वाक्य म्हटलं की पुढचा प्रश्न माझ्या मराठीवर येणार. आमच्या शाळेत मराठीच्या बाई पुस्तकातल्या कुठल्याही शब्दावर बोट ठेवून विचारायच्या, “हा कुठून आला?” ‘संस्कृतातून’ म्हटलं की त्या मान हलवून पुढच्या बाकाकडे जायच्या. दहा वर्षं मी त्या एका उत्तरावर काढली. ते बरोबर असायचं की नाही, मला माहीत नाही. बाई पुढच्या बाकाकडे जायच्या, एवढंच मला हवं असायचं.

मी तिथंच, उभ्या उभ्या, फोनवर लिहिलं: ‘तुती हा मूळ संस्कृत शब्द. हजारो वर्षांची आपली परंपरा, आता बाटलीत.’

दादा खूश झाले. इतके की त्यांनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि पाहुणे पहिल्यांदाच माझ्याकडे बघून म्हणाले, “बघा, आम्हाला वाटलं होतं ताई नुसत्या येस-नो करणार.” मी त्या दिवशी बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले आणि मला बरं वाटत होतं. हे लिहायला नको वाटतं, पण बरं वाटत होतं.

मग ती ओळ माझ्या हातातून गेली. दादा ती सगळ्यांना ऐकवायला लागले. चव बघायला येणाऱ्या दुकानदारांना, शाळेच्या सहलीला, गावातल्या सप्त्याच्या वर्गणीला आलेल्या लोकांना. प्रत्येक वेळी त्यात थोडी भर पडायची. मार्चच्या सुरुवातीला तर ते म्हणत होते की ऋषिमुनी तुती खायचे. मी संगणकाकडे बघत राहायचे.

एकदा ते हे चाचांसमोरच बोलले. चाचा “असं का” म्हणाले, अदबीनं. दोन दिवसांनी पावतीवर सही करताना त्यांनी मला हळूच विचारलं, “बेटा, ते तुतीचं खरं आहे का? आमचे अब्बा म्हणायचे, तूत हा लफ्ज लांबून आलाय. इराणातून. आणि इराणवाल्यांनी पण तो कुणाकडून तरी घेतला. पण अब्बा म्हणजे काय, मागावर बसलेला माणूस. तू शिकलेली आहेस. तू बघून लिहिलं असशील.”

मी म्हणाले, “हो, बघूनच.”

त्यांनी मान हलवली आणि पेन परत दिलं. आपले अब्बा चुकले होते, हे त्यांनी एवढ्याशा वेळात मान्य करून टाकलं.

त्या संध्याकाळी बसमध्ये मी खरंच बघितलं. इंग्रजीत बघितलं, कारण घाईत मला तेच येतं. तुती, त्याच्या मागे फारसीतला तूत. अरबीतही तूत. आणि दोन्हींच्या मागे एक भाषा जिचं नाव मी फक्त शाळेतल्या बायबलच्या तासाला ऐकलं होतं. मराठीत तिला अरामी म्हणतात हे मला नंतर कळलं. सीरिया, इराक त्या बाजूची, फार जुनी. तिच्यात तूता. त्याच्याही मागे मातीच्या विटांवर कोरलेल्या आणखी जुन्या भाषेतला शब्द, जवळपास तसाच. संस्कृत कोशांत ‘तूद’ असा शब्द सापडतो, असंही एका ठिकाणी होतं, आणि कुणी कुणाकडून घेतला यावर विद्वानांचं एकमत नाही, असंही होतं. म्हणजे मी लिहिलं तसं ठाम, छातीठोक, कुठेच नव्हतं. उलट बहुतेक ठिकाणी चाचांच्या वडिलांचंच म्हणणं होतं, पुस्तकी भाषेत.

मला एक ध्वनिफीतही सापडली. त्या भाषेची आजची रूपं अजून काही गावांत बोलतात. एक म्हातारी बाई घरातल्या आणि अंगणातल्या वस्तूंची नावं सांगत होती. पाणी, दार, भाकरी, झाडं. तिनं तुतीचं नाव घेतलं तेव्हा शेवटचा ‘त’ तिच्या दातांतून हवा गेल्यासारखा सैल आला, निदान मला तसा ऐकू आला. इयरफोन लावून मी तो परत परत ऐकला. खाली इंग्रजीत लिहिलं होतं की हे असं बोलणारी माणसं तिच्या गावात आता थोडी उरलीत. आमच्या शेडमध्ये ज्या शब्दावरून ‘आपला’ आणि ‘त्यांचा’ चाललं होतं तो या बाईच्या तोंडात होता, आणि ती ना पाहुण्यांची होती ना चाचांची.

त्यानंतर तीन आठवडे मी हे कुणाला सांगितलं नाही. म्हणजे, सांगायला तीनदा गेले. पहिल्यांदा दादा फोनवर होते. दुसऱ्यांदा त्यांनी विचारलं, “काय ताई?” आणि मी रजेचं विचारून परत आले. रजा मिळाली, मला नको असलेली. तिसऱ्यांदा पार्टिशनच्या दारापर्यंत गेले आणि आत पाहुणे होते.

सांगितलं ते मावशींना. मावशी निवडणाऱ्या बायकांमध्ये सगळ्यांत जुन्या. देठ खुडण्यात त्यांचा हात कुणी धरत नाही. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्याजवळ बसते, कारण त्या मला बोलायला लावत नाहीत.

“अरामी?” मावशी म्हणाल्या. “म्हंजी आरामात बोलायची भाषा? मग तुझीच हाय ती, ताई. तू तर बोलतच नाय.”

बाकीच्या बायका हसल्या. मीही हसले. मग मावशींनी डब्याचं झाकण लावलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “पण मला सांगून काय उपेग? मी काय छापते का? जो छापतो त्याला सांग. नायतर त्या म्हाताऱ्याला तरी सांग. त्यो रोज इचारतो तुला.”

“सांगते,” मी म्हणाले.

“सांगशील. तुती संपल्यावर.”

तर त्या दिवशी नवीन प्रूफ माझ्या टेबलावर होतं आणि घड्याळात पावणेदहा झाले होते. बायका आदल्या दिवशीची, फ्रीजमध्ये ठेवलेली तुती निवडत होत्या. मी शुद्धलेखन तपासत असल्यासारखी बसले होते. खरं तर मी एकच गोष्ट मोजत होते, पाच वाजायला किती वेळ आहे ते. मला वाटत होतं, चाचा आज उशिरा येतील. गाडी बंद पडेल. किंवा ते आले तरी घाईत असतील, विचारणार नाहीत. लेबल छापून येईल, बाटल्यांवर चिकटेल, आणि मग जे झालं ते झालं असं म्हणायला मी मोकळी होईन. मी हे सगळं व्यवस्थित, पायरी पायरीनं मनात मांडलं होतं.

गाडी दहाला पाच कमी असताना आली.

चाचांनी त्या दिवशी इस्त्रीचा कुडता घातला होता. ट्रे उतरवायला त्यांनी हात लावला नाही, ड्रायव्हरलाच सांगितलं, आणि ते सरळ माझ्या टेबलाशी आले. हातात हिरव्या तुतीचं फडकं होतं. ते त्यांनी नेहमीप्रमाणे मावशींच्या दिशेनं पुढे केलं आणि मग खिशातून चष्म्याचं घर काढलं. चाचा एरवी चष्मा आणत नाहीत.

“आज जाणार ना ते प्रेसला? ड्रायव्हर काल इथं ऐकून आला. मी घरी सांगून आलोय, वाचून येतो म्हणून.” त्यांनी चष्मा पुसला. “आमची घरवाली म्हणाली, नुसतं वाचून येऊ नका, फोटो काढून पाठवा. पोरी सासरी आहेत, त्यांना पण पाठवायचाय.”

मी प्रूफवर हात ठेवला. नकळत. अंगठ्याला सकाळचा तुतीचा रस होता, त्याचा ठसा कागदाच्या कडेला उमटला.

“बस ना बेटा, उठतेस कशाला? दे इकडे. नाहीतर असं कर, तूच वाच. तू पण चालत वाचतेस, मी पण चालत ऐकतो.”

मावशींच्या टेबलावरचा आवाज बंद झाला होता. देठ खुडायचा एक बारीक टकटक आवाज असतो, तो थांबला की शेड एकदम मोठी वाटते. पार्टिशनचं दार उघडलं आणि दादा बाहेर आले. त्यांनी चाचांना बघितलं, माझ्या हातातला कागद बघितला, आणि मग त्यांची नजर भिंतीवरच्या कॅलेंडरवर गेली.

“या चाचा,” ते म्हणाले. “चहा सांगतो.”

“चहा होईल हो. आधी हे.”

दादांच्या मागे पाहुणे आले. “अजून फायनल नाही ते, चाचा. छापून आलं की तुम्हाला एक पेटीच देऊ. निवांत बघा घरी.”

“पेटी द्याच,” चाचा हसले. “पण वाचू तर द्या. छापल्यावर चूक निघाली तर काय उपयोग? मागे माझ्या पोरीच्या लग्नाच्या पत्रिकेत नवऱ्याच्या गावाचं नाव राहिलं होतं. वऱ्हाड अर्धा तास स्टँडवर बसून होतं.”

कुणीतरी बायकांतून हसलं. पाहुणेही हसले. मला वाटलं, आता दादा बोलतील. त्यांनी बोलायला हवं होतं. त्यांनीच ओट्यावर बसून सांगितलं होतं. मी त्यांच्याकडे बघितलं. ते वाईट माणूस नाहीत. गेल्या एप्रिलमध्ये शेडमध्ये पंखे त्यांनी न मागता लावले म्हणे, मावशींच्या नातवाच्या ॲडमिशनला ते स्वतः गेले होते. पण त्यांचे डोळे कॅलेंडरवरच होते आणि मला कळलं की ते बोलणार नाहीत. माझ्यासारखंच, छापून होईपर्यंत तेही थांबले होते.

मी वाचायला लागले. पुढची बाजू आधी. सरबताचं नाव, त्याखाली ‘ताज्या तुतीपासून’. चाचांनी मान हलवली. मग कागद उलटला. घटक: तुतीचा रस, साखर, पाणी, लिंबू. निव्वळ वजन. परवाना क्रमांक मी एकेक आकडा करत वाचला, इतका सावकाश की पाहुणे म्हणाले, “ताई, ते नका वाचू.” उत्पादनाची तारीख. थंड व कोरड्या जागी ठेवा. उघडल्यानंतर फ्रीजमध्ये ठेवा. माझा आवाज मला दुसऱ्या खोलीतून आल्यासारखा ऐकू येत होता.

मग पट्टी आली आणि मी थांबले.

चाचांनी टेबलाच्या कडेला एक हात टेकवला होता. ते किंचित वाकून, एक कान पुढे करून उभे होते. नाव आता येणार, असं त्यांच्या तोंडावर होतं. फोन त्यांनी दुसऱ्या हातात आधीच काढून धरला होता, फोटोसाठी.

“वाचा ना,” पाहुणे म्हणाले. “लाजताय काय? तुमचीच तर ओळ आहे. दाजी, ताई स्वतःचं कौतुक स्वतः वाचत नाहीत बघा.”

“तुती हा,” मी वाचलं.

पुढचा शब्द माझ्यासमोर होता, ठळक, सुबक टाइपात, आणि तो मी अडखळल्याशिवाय वाचू शकले असते. सगळ्या लेबलात तेवढी एकच ओळ मला पाठ होती. वाचून संपवली असती तर चाचांनी थोडा वेळ वाट बघितली असती, मग विचारलं असतं, “आणि नाव?” पाहुण्यांनी काहीतरी सांगितलं असतं. जागेचं. चाचा “असं का” म्हणाले असते, अदबीनं, जसं आधी म्हणाले होते. चष्मा घरात ठेवला असता. उद्या परत दहा वाजता माल आला असता, वर फडक्यात कच्ची तुती, आमच्या हातांचे डाग जायला. हे सगळं मला स्पष्ट दिसलं. आणि ती नुसती जागेची गोष्ट नव्हती, हे त्यांना शेडच्या फाटकाबाहेर जाईपर्यंत कळलं असतं. त्यांना नेहमी कळतं.

मावशी उठून उभ्या राहिल्या होत्या. हात मनगटापर्यंत जांभळे, पुढे धरलेले, कशाला लागू नयेत म्हणून. त्या माझ्याकडे बघत होत्या.

“पाणी देऊ का, बेटा?” चाचांनी विचारलं.

मी नको म्हणून मान हलवली. कागद टेबलावर ठेवला, उलटा. मला वाटलं की माझा आवाज फुटणारच नाही, नेहमीप्रमाणे तोंड उघडेल आणि रजेचं काहीतरी बाहेर येईल. पण आला, मराठीतच आला, मध्ये मध्ये तुटत.

“ही ओळ मी कुठेही न बघता लिहिली. घाबरून लिहिली. आणि चाचा, तुम्ही विचारलंत तेव्हा बघूनच लिहिली असं सांगितलं, तेही खोटं होतं. मी नंतर बघितलं. तुमचे अब्बा म्हणायचे तेच पुस्तकांत आहे. तूत इराणातून आला, आणि त्यांच्याकडे अरामी भाषेतून. दादा, इथं आधी त्यांच्या अब्बांचं नाव होतं. माझी ओळ काढा, आणि ते परत टाका.”